सोबत कोणता प्रश्न नेला?

तासगाव, विटा, कराड, वाई. कुठल्याही एसटी स्टँडसमोर अधूनमधून असा फ्लेक्स लागतोच. गावच्या सुपुत्राला नाहीतर सुकन्येला परदेशातली फेलोशिप मिळालेली असते. मध्यभागी कोट घातलेला फोटो, वरच्या कडेला नेत्यांचे चेहरे, खाली शुभेच्छुकांची रांग. सातारा-सांगली हा भाग मटेरियल सायन्सच्या बाबतीत बराच पुढे आहे. शेजारच्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात थिन फिल्म आणि पॉलिमरवर काम करणाऱ्यांच्या पिढ्या घडल्या आणि त्यांतली कितीतरी मुलं कोरिया, तैवान, जर्मनीच्या प्रयोगशाळांत गेली. फ्लेक्स लावण्यासारखी गोष्ट आहे, यात शंका नाही.

पण तो फ्लेक्स जरा हात लावून बघावा. पॉलिएस्टरची वीण आणि तिच्यावर पीव्हीसीचा लेप. म्हणजे ज्या विषयासाठी सत्कार, त्याच विषयातला हा माल. पंधरा दिवसांनी तो उतरतो आणि कडब्याच्या गंजीवर किंवा गोठ्याच्या पत्र्यावर जातो. चिंध्या झाल्या की बांधावर कुणीतरी काडी लावतं आणि पीव्हीसी जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाचा धूर शेजारच्या द्राक्षबागेवरून जातो. या फ्लेक्सचं पुढं काय करायचं, हे सत्कारमूर्तीला कुणी विचारत नाही. त्याला दोनच गोष्टी विचारल्या जातात. एक, पैसे किती मिळणार? दोन, परत येणार ना?

पहिल्या प्रश्नाबद्दल माझी तक्रार नाही. ज्या घरात आईबापांनी सोसायटीचं कर्ज काढून मुलांना एमएस्सी केलं, तिथं पैशाचा हिशेब व्हायलाच हवा. आक्षेप दुसऱ्या प्रश्नाला आहे. तो देशप्रेमाचा वाटतो, पण खरं म्हणजे आळसाचा आहे. विचारणाऱ्याला त्यात काहीच करावं लागत नाही. सगळा भार जाणाऱ्यावर. विचारायला हवा तो तिसरा प्रश्न: जाताना सोबत काय काम नेतोयस आणि ते कुणाच्या गरजेतून आलंय?

आधी परत येण्याबद्दल. आंतरराष्ट्रीय शिष्यवृत्तीचा या मातीतला सगळ्यात मोठा इतिहास साताऱ्यातून सुरू होतो. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात भिवा रामजी आंबेडकर हे नाव चढलं. आज ती शाळा प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते आणि तो दिवस राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. तेरा वर्षांनी, १९१३ मध्ये, सयाजीराव गायकवाडांनी त्याच मुलाला कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं आणि परतल्यावर दहा वर्षं बडोद्याची नोकरी, असा करार. करार पाळायला बाबासाहेब १९१७ मध्ये बडोद्याला आलेही. राहायला जागा मिळेना. पारशी वसतिगृहात पारशी नावानं राहावं लागलं आणि तिथूनही लोकांनी काठ्या घेऊन बाहेर काढलं. परत येणारा आला होता. आडवं आलं ते घर.

आज परतणाऱ्याच्या वाट्याला येणारा अपमान त्या प्रकारचा नाही, त्या तीव्रतेचाही नाही आणि दोन्ही एका मापानं मोजू नयेत. पण परतणाऱ्याला जागा न देण्याची आपली हातोटी जुनी आहे, एवढं यातून कळतं. तीन-चार वर्षं परदेशी राहून, नामांकित जर्नलांत लेख छापून आलेला माणूस आज या दोन जिल्ह्यांतल्या एखाद्या कॉलेजात आला, तर त्याच्यापुढं काय ठेवलं जातं? तासिका तत्त्व. म्हणजे जेवढे तास घ्याल तेवढ्याचे पैसे, तेही वेळेवर मिळाले तर. कायम जागांची भरती वर्षानुवर्षं रखडलेली. झालीच तर मुलाखतीआधी काय 'बोलणी' करावी लागतात, हे सांगायची गरज नाही. ते सगळ्यांना ठाऊक आहे आणि कागदावर कुणीच लिहीत नाही. ज्या संस्थाचालकानं व्यासपीठावरून 'परत या' म्हणायचं, त्याच्याच संस्थेत जागा रिकामी. मग जो येत नाही त्याला नावं ठेवण्याचा अधिकार आपल्याला कितपत उरतो?

उलट उदाहरणही सातारा जिल्ह्यातच आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला हलवली. तिथलं शाहू बोर्डिंग हे वसतिगृह चाललं ते लोकांच्या धान्यावर, मुलांच्या श्रमांवर आणि वेळ आली तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंच्या दागिन्यांवर. त्या शाहू बोर्डिंगमध्ये वाढलेले पी. जी. पाटील इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर झाले आणि साताऱ्याला परतून छत्रपती शिवाजी कॉलेजात शिकवू लागले. पुढं ते शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ते आले यात त्यांची निष्ठा आहेच. पण त्यांच्यासाठी १९४७ मध्ये उघडलेलं एक कॉलेज वाट बघत होतं, ही गोष्टही तेवढीच महत्त्वाची. भाऊरावांनी 'परत येणार का' असं नुसतं विचारलं नाही, परतायला जागा बांधून ठेवली.

तरीही परत येणं न येणं हा दुय्यम मुद्दा आहे, असं मला वाटतं. बाबासाहेबांचं थोरपण ते परतले एवढ्यात नाही. कोलंबियात १९१६ मध्ये त्यांनी निबंध वाचला तो भारतातल्या जातींवर. लंडनचा प्रबंध रुपयाच्या प्रश्नावर. न्यूयॉर्क-लंडनची ग्रंथालयं, तिथले प्राध्यापक, तिथली पद्धत, सगळं वापरलं, पण प्रश्न घरचा. साडेअकरा पौंड बडोद्याचे होते, प्रश्न मात्र त्यांचा स्वतःचा होता.

आता आजची फेलोशिप कशी मिळते ते पाहा. युरोपातली मेरी स्क्लोदोव्स्का-क्युरी फेलोशिप घ्या. २०२४ च्या फेरीत दहा हजारांवर अर्ज आले आणि सुमारे १,७०० निवडले गेले. इतकी चुरस असलेल्या ठिकाणी अर्ज एकट्यानं लिहिला जात नाही. ज्या प्राध्यापकाकडे जायचं त्याच्या चालू कामात आपलं काम बसवून, त्याच्या भाषेत, त्याच्या यंत्रांच्या हिशेबानं तो लिहावा लागतो. समाजाला होणारा फायदा सांगायचा एक भाग असतो आणि तो समाज साहजिकच युरोपचा असतो, कारण पैसा तिथल्या करदात्याचा. यात लबाडी काही नाही. जो पैसे देतो तो आपली गरज पुढं ठेवणारच. लबाडी आहे ती आपली. दुसऱ्याच्या गरजेवर नेमलेला आपला माणूस बघून आपण छाती फुगवतो आणि आपली गरज काय होती हे त्याला कधी सांगतच नाही.

आणि गरज तर पावलोपावली आहे. या दोन जिल्ह्यांची शेती आज पॉलिमरवर उभी आहे. उसातलं आणि द्राक्षातलं ठिबक, भाजीपाल्याखालचा मल्चिंग पेपर, महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवरचं काळं प्लॅस्टिक, अवकाळीपासून घड वाचवायला बागेवर ताणलेलं आच्छादन, शेततळ्यातला कागद, साखरेची पोती, दुधाच्या पिशव्या. पन्नास वर्षांपूर्वी यातलं बहुतेक काही नव्हतं. सांगलीजवळच्या हरिपुरात हळद साठवायला जमिनीत पेवं होती. तोंड लिंपलं की आतली हवा कोंडली जायची, कीड जगायची नाही. नदीकाठची माती निवडून केलेलं ते मटेरियल सायन्सच होतं, फक्त त्यावर कुणाला डॉक्टरेट मिळाली नाही. २००५ च्या महापुरानं त्यातली पुष्कळ पेवं निकामी केली.

मल्चिंग पेपरचंच बघू. पंचवीस-तीस मायक्रॉन जाडीचा पॉलिथिनचा पापुद्रा. एका-दोन हंगामांत उन्हानं ठिसूळ होतो, गोळा करताना फाटतो, बराचसा मातीत राहतो. तुकडे बारीक होत जातात, संपत मात्र नाहीत. उपाय म्हणून मातीत विरघळणारे पापुद्रे निघालेत. त्यांच्यासाठी युरोपनं २०१८ मध्ये एक मानक केलं. प्रयोगशाळेतल्या मातीत, पंचवीस अंशांच्या आसपास, दोन वर्षांत त्यातल्या ९० टक्के कार्बनचा कार्बन डायऑक्साइड व्हायला हवा. ठीक. पण महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि स्ट्रॉबेरीचा हंगाम थंडीचा. जत-आटपाडीकडं पाऊस पाचशेच्या आसपास आणि उन्हाळ्यात पारा चाळिशीपार. एकीकडं जो पापुद्रा पीक निघेपर्यंत टिकेल तो दुसरीकडं महिन्याभरात फाटेल किंवा वर्षानुवर्षं कोरड्या ढेकळांत तसाच पडून राहील. मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासून होणारं पीएलए मोडायला कंपोस्टच्या कारखान्यातलं साठ अंशांचं तापमान आणि ओल लागते. ती बांधावर कुठून आणायची? साखळीची लांबी किती ठेवली, कशात मिसळलं, कोणती भर घातली, म्हणजे या मातीत, या पावसात तो नेमका नऊ महिने टिकेल? हा अस्सल पॉलिमर विज्ञानाचा प्रश्न आहे. आणि तो विचारायला लागणारा ऊस, माती, ऊन, शेतकरी सगळं इथंच आहे.

दुसरं उदाहरण पाण्याचं. ऐंशीच्या दशकात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं 'जलशक्ती' नावाचा पाणी धरून ठेवणारा पॉलिमर तयार केला. पुढं दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेनं 'पुसा हायड्रोजेल' आणलं. वजनाच्या साडेतीनशे पट किंवा जास्त पाणी शोषणारे हे दाणे. माण, खटाव, कवठेमहांकाळ या दुष्काळी तालुक्यांसाठीच जणू केलेले. रोजच्या वापरात मात्र ते आले नाहीत. किमतीचं कारण आहेच, पण एक कारण रसायनातलं आहे. या पॉलिमरच्या साखळ्यांवर ऋण भार असतो. सारखे भार एकमेकांना ढकलतात, जाळी उघडते आणि पाणी आत शिरतं. ही किमया ऊर्ध्वपातित पाण्यात पूर्ण दिसते. पाण्यात क्षार असले की ढकलाढकल मंदावते. त्यात कॅल्शियम असला तर तो दोन साखळ्यांना एकदम पकडतो आणि जाळी आक्रसते. दुष्काळी तालुक्यांतल्या बोअरचं पाणी जड. कृष्णाकाठच्या वाळवा-मिरजेत उलटं दुखणं, अतिपाण्यानं क्षारपड झालेली रानं. म्हणजे जिथं हा दाणा हवा तिथलंच पाणी त्याचं शोषण कमी करतं. जड पाण्यातही फुगणारी जाळी कशी बांधायची, यावर जगात काम झालंय, होतंय. पण खटावच्या बोअरचं पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेत नेण्याची अक्कल खटावच्याच माणसाला सुचणार.

'जलशक्ती'च्या काळात पुण्याच्या त्या प्रयोगशाळेत रघुनाथ माशेलकर होते. गोव्यातल्या माशेल गावचे, मुंबईत म्युनिसिपालिटीच्या शाळेत अनवाणी शिकलेले, टाटा ट्रस्टच्या महिना साठ रुपयांच्या शिष्यवृत्तीवर पुढं आलेले. मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागातून (यूडीसीटी) डॉक्टरेट, मग इंग्लंडात साल्फर्ड विद्यापीठात संशोधन आणि अध्यापन आणि १९७६ मध्ये वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे (सीएसआयआर) तेव्हाचे प्रमुख नायुडम्मा यांच्या हाकेवर पुण्याला. १९९८ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. पॉलिमरमधल्या मराठी माणसाला मिळालेला हा सगळ्यात मोठा आंतरराष्ट्रीय मान. तो मिळाला तेव्हा परतून बावीस वर्षं झाली होती. म्हणजे परदेशी मान मिळवायला परदेशीच राहावं लागतं, ही समजूत त्यांच्याच बाबतीत खोटी ठरली.

याच माशेलकरांच्या कारकिर्दीत सांगलीशी थेट भिडणारं एक प्रकरण घडलं. १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीनं जखम भरण्याच्या गुणाचं अमेरिकी पेटंट मिळालं. संशोधक म्हणून नावं दोन भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञांची. माशेलकर त्याच वर्षी सीएसआयआरचे महासंचालक झाले. त्यांनी आव्हान दिलं, बत्तीस संदर्भ पुढं ठेवले, त्यांत जुने ग्रंथ होते आणि १९५३ चा भारतीय वैद्यक नियतकालिकातला लेखही होता. १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. सांगलीच्या हळदपेठेत बसून विचार केला तर ही गोष्ट माझ्याच म्हणण्याला जरा अडचणीत आणते. घरचा प्रश्न घेऊन परदेशी जा, असं मी म्हणतोय. त्या दोघांनी तरी दुसरं काय केलं? आजीच्या डब्यातलंच तर नेलं. फरक एवढाच की जे नेलं ते उत्तर होतं, आधीच ठाऊक असलेलं. आणि त्यावर मालकीचा शिक्का बसला तो परक्या संस्थेचा. म्हणून प्रश्न न्यावा आणि जाण्याआधीच उत्तरावर कुणाचा किती हक्क, हे कागदावर ठरवावं. फेलोशिपच्या करारात बौद्धिक संपदेचं कलम असतं. सही करताना ते किती जण वाचतात, कोण जाणे.

इथं एक रास्त आक्षेप येईल. विज्ञानाला गावकीत का बांधायचं? हर्मान श्टाउडिंगरनं १९२० मध्ये पॉलिमर म्हणजे हजारो अणूंच्या लांबच लांब साखळ्या असं मांडलं, तेव्हा त्यानं कुणा शेतकऱ्याला विचारलं नव्हतं. बरोबरीच्या रसायनशास्त्रज्ञांनी त्याला वेड्यात काढलं आणि नोबेल मिळालं ते १९५३ मध्ये. हे सगळं खरं. पण या उदाहरणातून मूलभूत संशोधन मोठं आणि उपयोगी संशोधन छोटं, असा अर्थ काढणं चूक. श्टाउडिंगरचा प्रश्न त्याचा स्वतःचा होता, त्यासाठी त्यानं शिव्या खाल्ल्या. माझी तक्रार उसन्या प्रश्नांबद्दल आहे. एका गटात सुपरकपॅसिटरवर लेख निघतात म्हणून दहा गटांनी सुपरकपॅसिटरच करायचा, ऑक्साइड तेवढा बदलायचा, आलेख तोच. याला ना मूलभूत म्हणता येतं ना उपयोगी. ज्याला साखळ्यांच्या भौतिकीनं खरंच झपाटलंय त्यानं खुशाल त्यातच बुडावं. मल्चिंगचं जोखड त्याच्या मानेवर नको.

डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात सारथी या सरकारी संस्थेच्या फेलोशिपवर चर्चा चालू असताना तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विचारलं होतं, पीएचडी करून काय दिवा लावणार? राज्यभर गदारोळ झाला आणि तो योग्यच होता, कारण संशोधकाला पोसायचं की नाही हे असल्या वाक्यानं ठरवता येत नाही. पण मला तेव्हा कराडजवळची ओगलेवाडी आठवली. तिथं १९१६ मध्ये ओगले बंधूंचा काचकारखाना उभा राहिला आणि 'प्रभाकर' कंदील महाराष्ट्रभर लागला. भट्टीतली काच तडकू नये, काजळी धरू नये, वाऱ्यात वात टिकावी हे सगळं पदार्थांचंच शास्त्र. भाऊराव पाटील काही काळ याच ओगल्यांचे आणि किर्लोस्करांचे विक्रेते होते. म्हणजे रयत उभारणारा माणूस गावोगाव काचेचा माल आणि नांगर विकत फिरला होता. सातारा जिल्ह्यात दिवा लावणं हा वाक्प्रचार नव्हता, धंदा होता. सवाल फेकणाऱ्याला हा इतिहास सांगायला हवा. आणि फेलोशिप मागणाऱ्यांनीही तोच सवाल स्वतःला विचारायला हरकत नाही, जरा सौम्य आवाजात.

मग करायचं काय? सरकारकडं बोट दाखवणं सोपं आहे आणि कायम जागा भरण्याची जबाबदारी त्याचीच आहे. पण हा साखरपट्टा आहे. इथं उसाच्या बिलातून टनामागे कपाती करायची सवय जुनी आहे, कधी या निधीला, कधी त्या. दहा लाख टन गाळणारे कारखाने या भागात आहेत. टनामागे एक रुपया धरला तर अशा एका कारखान्याचे वर्षाला दहा लाख होतात. केंद्राची ज्युनिअर रिसर्च फेलोशिप जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे, म्हणजे वर्षाला चार लाख चव्वेचाळीस हजार. एका कारखान्याच्या एका रुपयात दोन संशोधक वर्षभर पोसून लाखभर रुपये रसायनांना उरतात. पाच-सहा कारखाने एकत्र आले तर साखळीची लांबी मोजणारं यंत्र शिवाजी विद्यापीठात किंवा वालचंद कॉलेजात आणि ते चालवणारा कायमचा माणूस, हेही जमेल. परदेशी गेलेल्यानं तिथून सहमार्गदर्शक व्हावं. शरीरानं परत यायची अट घालू नये. त्याच्या परदेशी प्राध्यापकालाही खटावचं पाणी आणि तासगावची माती नवा प्रश्न म्हणून आवडण्याचीच शक्यता जास्त.

अटी मात्र दोन हव्यात. प्रश्न कारखान्याच्या शेतकी खात्यानं नव्हे तर मल्चिंग गोळा करून हात कापलेल्या बायकांनी आणि ठिबकच्या नळ्या धुणाऱ्या पोरांनी मांडायचे, आणि उत्तर आलं की ते मराठीत, कारखान्याच्या वार्षिक सभेत, ऊसदराच्या आधी वाचून दाखवायचं. सभा उधळली जाईल, असं कुणी म्हणेल. ती एरवीही उधळतेच. निवड करणाऱ्या समितीत मात्र संचालकांपैकी कुणी नको. नाहीतर पहिली फेलोशिप कुणाच्या भाच्याला मिळाली, यावरच पुढची दोन वर्षं जातील.